डिप्रेशनची गोळी चालू आहे? या चुका टाळा

"बरं वाटतंय की आता, मग रोज कशाला गोळी?" असं म्हणून आईनं स्ट्रिप फ्रिजवरच्या डब्यात टाकली आणि चैत्रात जोतिबाला गेली. तिसऱ्या दिवशी घरी आली ती भिंत धरत. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. दोन दिवस लिंबूसरबत देत बसलो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "गोळी बंद केली का?"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटीन अशी गोळी एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होऊ शकते. हे व्यसन नव्हे. मेंदू औषधाला सरावलेला असतो, त्याला सावरायला वेळ लागतो. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण 6 महिने तरी गोळी चालू ठेवतात, मग डॉक्टर डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. यात्रेला, लग्नाला मुक्कामी जाताना दोन गोळ्या जास्तच न्या. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

उलटी चूकही होते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून लोक औषध सोडतात. मळमळ, डोकेदुखी आधी येते. गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता कधी 6 ते 8. मळमळत असेल तर जेवणावर गोळी घ्या, उपवासाला निदान काही फराळ करून.

मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेताना आधी ही गोळी दाखवा. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांच्या जोडीनं शरीरातलं सिरोटोनिन नावाचं रसायन फार वाढू शकतं. घाम, थरथर, ताप, बरळणं दिसलं तर थेट दवाखाना गाठा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्ट्रिपचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नावं कुणाच्या लक्षात राहतात? दारू नकोच.

म्हातारी माणसं गोंधळायला, झोक जायला लागली तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. झोप नाही तरी अंगात भलताच उत्साह, पैशांची उधळण असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर बारीक लक्ष ठेवा. बेचैनी वाढली, जगण्याचा कंटाळा बोलण्यात आला, तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रंदिवस मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर फोनवर थांबू नका, सरळ सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. आणि अशा घरात गोळ्यांचा साठा रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर हृदयावर उठतात. आमच्याकडे आता स्ट्रिप माझ्या कपाटात असते, रात्री जेवण झालं की एकच गोळी आईच्या हातावर ठेवते.