जुनं ट्रायँग इंजिन उघडताय? या चुका टाळा

ट्रायँग या ब्रिटिश खेळणी कंपनीच्या मॉडेल रेल्वेचं ‘जिंटी’ हे सहा चाकांचं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) 1950च्या दशकातलं. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिमी, वीज 12 व्होल्ट डीसी, आणि आत एक्सओ-फोर नावाची उघड्या सांगाड्याची मोटार. हीच मोटार पुढे ट्रायँग-हॉर्न्बीच्या कितीतरी इंजिनांत बसली, म्हणून इथे सांगितलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं. या मोटारी दणकट आहेत. नुसत्या वापरामुळे निकामी झालेली इंजिनं कमी दिसतात, चुकीच्या क्रमाने उघडून बिघडवलेली मात्र बरीच.

आधी आर्मेचर बाहेर काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आर्मेचर म्हणजे मोटारीतला तारा गुंडाळलेला फिरणारा भाग. मोटारीतलं चुंबक अल्निको या मिश्रधातूचं असतं. त्याचं चुंबकीय वर्तुळ आर्मेचरच्या लोखंडातून पूर्ण होतं. आर्मेचर काढलं की मध्ये हवेची मोठी फट पडते आणि चुंबकाची बरीचशी ताकद तिथेच जाते. आर्मेचर परत बसवलं तरी ती भरून येत नाही. मग मोटार नुसती, भाराशिवाय चालवली तर जोरात फिरते, पण डबे जोडले की दम टाकते, जास्त करंट ओढते आणि हाताला चटका बसेल इतकी तापते.

कॉम्युटेटर (आर्मेचरला वीज पोचवणारा तांब्याच्या तुकड्यांचा गोल भाग) आणि ब्रश (त्यावर घासणारे कार्बनचे तुकडे) साफ करायला आर्मेचर काढावं लागतच नाही. ब्रशची स्प्रिंग उतरवली की दोन्ही ब्रश बाहेर येतात आणि कॉम्युटेटर समोर दिसतो. आर्मेचर जळलं असेल आणि काढणं भागच असेल, तर ध्रुवपट्ट्यांवर (चुंबकाला लागून असलेल्या लोखंडी पट्ट्यांवर) आधी जाड पोलादी तुकडा आडवा बसवा. चुंबकाची ताकद आधीच गेली असेल तर ते पुन्हा भारून घ्या, किंवा निओडिमियमचं छोटं चुंबक पोलादी तुकड्यांसोबत त्याच जागी बसवा. फार ताकदीचं घेऊ नका, कमी वेगात इंजिन अडखळत चालेल. उजवा रूळ धन असताना इंजिन पुढे गेलं पाहिजे. उलटं गेलं तर चुंबक फिरवून बसवा.

कॉम्युटेटरवर पॉलिश पेपर

पॉलिश पेपरचे कण तांब्यात रुततात आणि नवे ब्रश भराभर खातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. काळेपणा जाईपर्यंत बोळे बदलत राहा. तीन तुकड्यांमधल्या खाचा मात्र विसरू नका. त्यांत कार्बन आणि तांब्याची भुकटी साचून शेजारचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि मोटार तापते. खाचा लाकडी टूथपिकने कोरा, सुईने तांब्याला ओरखडे पडतात.

साफ झाल्यावर मल्टिमीटरने शेजारशेजारच्या तुकड्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक वेगळा आला तर वाइंडिंग तुटलंय किंवा शॉर्ट झालंय. कुठलाही तुकडा आणि शाफ्ट यांच्यात जोड दिसता कामा नये.

स्प्रिंगची नळी उलट्या बाजूला

ब्रशची स्प्रिंग म्हणजे हेअरपिनसारखी वाकवलेली एकच तार. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची नळी असते. पिकअपची (चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्टीची) वायर ज्या ब्रशकडे येते, त्याच बाजूला नळी हवी. नळी हरवली, चिरली किंवा दुसऱ्या पायावर गेली की थेट शॉर्ट सर्किट होतं. म्हणून उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. ब्रश घट्ट दाबले जावेत म्हणून स्प्रिंग वाकवू नका, त्याने ब्रश आणि कॉम्युटेटर दोन्ही झिजतात. ब्रश बदलताना जोडीने बदला आणि अर्ध्या वेगात दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे ते कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतात.

डीसीसी (रुळांतून डिजिटल आदेश देऊन इंजिन चालवण्याची पद्धत) डिकोडर लावायचा असेल तर दोन्ही ब्रश सांगाड्यापासून पूर्ण वेगळे करावे लागतात. हे राहून गेलं तर डिकोडर जळतो.

डब्ल्यूडी-40 आणि तेलाचा पूर

डब्ल्यूडी-40चा फवारा मोटारीत मारू नका. तो सगळीकडे पसरतो, कॉम्युटेटरवर जातो आणि तिथे कार्बनसोबत चिकट काळा लेप तयार करतो. शिलाई मशिनचं हलकं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन द्या: प्रत्येक आसाच्या बेअरिंगला एक थेंब, मोटारीच्या दोन्ही टोकांच्या फेल्टला एक-दोन. वर्म (मोटारीच्या शाफ्टवरचा स्क्रूसारखा भाग) आणि गिअरवरचं वाळून मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस आधी काढा, मग प्लास्टिकला चालणारं नवं अगदी थोडं लावा.

इंजिन लंगडतंय म्हणून चाक ओढून काढणं

दोन्ही बाजूंच्या चाकांच्या क्रँकपिन (चाकं जोडणारी दांडी, म्हणजे कपलिंग रॉड, जिथे बसते त्या खुंट्या) एकमेकींना 90 अंशांत असतात. चाक खाचेदार आसावर दाबून बसवलेलं असतं. ओढलं की खाचा घासतात आणि हा कोन जिगशिवाय (चाकं योग्य कोनात धरणाऱ्या साच्याशिवाय) परत जुळत नाही. त्याऐवजी मोटार उतरवून चाकांसह इंजिनाचा सांगाडा काचेवर ढकला. मोकळा चालला तर दोष मोटारीत किंवा वर्मच्या पकडीत आहे. अडला तर कपलिंग रॉड काढून पुन्हा ढकला. आता मोकळा चालला तर वाकलेला रॉड किंवा जास्त आवळलेला क्रँकपिनचा स्क्रू शोधा.

चालता चालता थांबणारं इंजिन मात्र बहुधा मळकं असतं. रूळ, चाकांच्या कडा आणि पिकअपची पट्टी जिथे टेकते ती चाकाची मागची बाजू अल्कोहोलने पुसा. पट्टी चाकाला हलकी टेकली पाहिजे, जोरात दाबली तर ती ब्रेकचं काम करते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात इंजिन ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर आर्मेचरच्या पत्र्यांवर गंज चढतो.

बॉडी साफ करताना अल्कोहोल वापरू नका, छापलेले आकडे निघून जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घ्या. सुरुवातीच्या काही बॉड्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या आहेत. त्या उष्णतेने वाकतात, म्हणून गरम पाणी आणि ऊन दोन्ही टाळा.