ठराव मंजूर झाला, पुढे काय?

संघटनेतलं माझं पहिलं काम होतं परत आलेली पाकिटं मोजण्याचं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, ज्याला आता सगळे कम्युनिटी मेडिसिन म्हणतात. सार्वजनिक आरोग्याच्या अखिल भारतीय संघटनेच्या गोवा शाखेने वार्षिक सभेची पत्रं पाठवली होती आणि त्यातली बरीचशी ‘पत्ता बदलला’ असा शेरा घेऊन परत आली होती. सरांनी तो गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, “ह्यातला एकेक माणूस शोध. सगळे मतदार आहेत.” दोन महिने मी वाळपई, पेडणे, केपे, काणकोण इथल्या आरोग्य केंद्रांना फोन करत होते, निवृत्त डॉक्टरांच्या घरी जात होते. जे वारले होते त्यांच्या नावापुढे तारीख लिहीत होते. बऱ्याच वर्षांनी त्याच संघटनेची राष्ट्रीय सरचिटणीस झाले, तेव्हाही पहिल्या आठवड्यात हेच काम काढलं. फरक एवढाच की यादी देशभराची होती.

संघटनेचं नाव इथे घेत नाही, कारण तिच्यातल्या काही उणिवाही सांगणार आहे. पण ह्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना आधी नकाशा माहीत हवा. आपल्या देशात इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन १९५६ साली सुरू झाली, तिचं मुख्य कार्यालय कोलकात्यात. इंडियन असोसिएशन ऑफ प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन १९७४ ची, तिच्यात वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय शिकवणारे आणि शिकणारे जास्त. दोघींची स्वतःची नियतकालिकं आहेत, दोघींच्या वार्षिक परिषदा होतात. देशोदेशीच्या अशा संघटनांचा एक जागतिक महासंघ १९६७ साली सुरू झाला, त्याचं कार्यालय जिनिव्हात आहे आणि त्याची जागतिक परिषद फेब्रुवारी २०१५ मध्ये कोलकात्यात भरली होती. एमडीचे विद्यार्थी असाल तर पहिल्या वर्षीच सभासद व्हा. डॉक्टर नसाल, दोन वर्षांचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करत असाल, तर अर्ज भरण्याआधी संघटनेची घटना मागून घ्या आणि तुम्हाला मत आहे की नुसतं ‘सहयोगी’ सभासदत्व आहे, ते वाचा. फार लोक ते वाचत नाहीत.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक गोष्ट. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ चे आहेत. त्यातल्या पंधराव्या नियमानुसार कोणत्याही संस्थेत निवडून यायच्या पदावर बसण्याआधी सरकारची पूर्वपरवानगी लागते. संस्था शास्त्रीय आहे, पगार घेत नाही, हे सगळं खरं असलं तरी कागद लागतो. माझ्या ओळखीतल्या एकाने तो घेतला नव्हता आणि निवडून आल्यावर महिन्याभरात त्याला राजीनामा द्यावा लागला. फॉर्म भरायच्या आधी अर्ज करा. उत्तर यायला वेळ लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०१५ साली आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात, माकडताप आला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे त्याचं खरं नाव. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला. रानातल्या गोचिडीपासून तो माणसाला होतो, आणि माकडं मरून पडू लागली की समजायचं, विषाणू इथे आला आहे. आमच्याकडे त्याचा हंगाम नेमका काजूचा. बायका पहाटे बागायतीत जातात, पालापाचोळ्यात बसून बोंडू वेचतात, आणि तिथेच गोचीड असते. मी तेव्हा संघटनेच्या केंद्रीय कार्यकारिणीत गोव्याची प्रतिनिधी होते. राष्ट्रीय बैठकीत मी ह्या विषयावर ठराव मांडला: मेलेल्या माकडाची खबर शेजारच्या राज्यांनी एकमेकांना तत्काळ द्यावी, कारण रान एक आहे आणि सरहद्द कागदावर आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या झाल्या. मी समाधानाने घरी आले.

पुढच्या काजूच्या हंगामात सत्तरीत एका घरी गेले होते. घरातल्या आजीला मागच्या वर्षी ताप येऊन गेला होता. मी त्यांना उत्साहाने सांगितलं, आम्ही दिल्लीत ठराव केला आहे. त्या बोंडूंच्या बिया काढत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “बाय, तो हांगा केन्ना पावतलो?”

तो इथे कधी पोचणार? मला उत्तर देता आलं नाही. पणजीला परतताना मी कार्यालयात फोन करून विचारलं, ठरावाची प्रत कुणाला गेली? कुणालाच नाही. इतिवृत्तात तो होता, चौथ्या पानावर. पाठवायचं काम कुणाचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं, आणि ठराव मांडणारी मी असल्यामुळे ती चूक माझी होती. त्याच वर्षी सरहद्दीपलीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण सापडले.

त्यानंतर मी जे केलं ते फार थोर नव्हतं, पण तेच मला शिकवून गेलं. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या तीन शाखांच्या सचिवांना एकत्र बसवलं. आम्ही एक पान तयार केलं: लगतच्या तालुक्यांचे आरोग्य अधिकारी, वनखात्याचे राउंड फॉरेस्टर, पशुवैद्यकीय दवाखाने, आणि प्रत्येकाचा मोबाइल. ते पान मराठी आणि कन्नडमध्ये केलं, कारण इंग्रजी पान कपाटात जातं आणि मराठी पान टेबलाच्या काचेखाली राहतं. त्यानंतरच्या हंगामात पलीकडच्या बाजूला माकड मेलं त्या दिवशी संध्याकाळी वाळपईला फोन आला. गावात ताप यायच्या आधी गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल पोचवता आलं. ठरावाचा मजकूर मात्र तसाच्या तसा होता, एक शब्दही बदलला नव्हता.

तेव्हापासून आमच्या ठरावांच्या वहीत मी एक रकाना वाढवला: ‘पुढे काय’. त्यात चार गोष्टी लिहायच्या. कुणाच्या टेबलावर, कुठल्या तारखेपर्यंत, कोण घेऊन जाणार, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा कधी जायचं. हा रकाना भरता येत नसेल तर ठराव मांडायचा नाही. सुरुवातीला वरिष्ठ नाराज झाले, कारण पूर्वी एका बैठकीत पंधरा-वीस ठराव होत आणि आता चारच होऊ लागले. मला चारच आवडतात.

ह्याला गोव्यातच एक जुना आधार आहे आणि तो मी नव्या लोकांना नेहमी सांगते. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरोधी काम इथून सुरू केलं आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभारली. गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा १९९७ चा आहे, देशाचा तंबाखू कायदा २००३ चा. एवढंसं राज्य सहा वर्षं पुढे होतं. आमच्या पिढीला कायद्याचं कौतुक वाटतं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडाचे कर्करोग कापणारा सर्जन विधानसभेच्या दारापर्यंत गेला, पुन्हा पुन्हा गेला, ह्याचं मला जास्त वाटतं.

राष्ट्रीय टेबलावर गोव्यासारख्या लहान राज्याचा माणूस असण्याचा उपयोग काय, असं मला एकदा एका ज्येष्ठांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर एका मसुद्यात सापडलं. उच्च रक्तदाबाच्या तपासणीबद्दल देशभरासाठी शिफारशी लिहिल्या जात होत्या आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्यात ‘आशा कार्यकर्तीमार्फत’ असं होतं. मी हात वर केला: गोव्यात आशा कार्यकर्त्या नाहीत. सभागृहात क्षणभर कुणाला खरंच वाटेना. आमच्याकडे हे काम उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका) आणि एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी) करतात, त्यांच्याकडे आधीच मलेरियाचं रक्त, लसीकरण आणि बांधकामावरच्या मजुरांची हेल्थ कार्डं असतात. पणजी-कांदोळीच्या पट्ट्यात इमारती उठतात तिथे साठवलेल्या पाण्यात डास वाढतात, म्हणून ती कार्डं. ह्या माणसांच्या पाठीवर आणखी एक तपासणी टाकायची तर काहीतरी काढावं लागेल, हे मसुद्यात आलं ते त्या दिवशी. तुम्ही लहान राज्यातून येत असाल तर गप्प बसू नका. तुमच्याकडची परिस्थिती तुम्ही बोलला नाहीत तर ती कागदावर नसते.

त्याच अनुभवातून माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट बसली. ज्यांच्याबद्दल आम्ही बोलत होतो त्यांतलं कुणीही खोलीत नव्हतं. आमच्या घटनेत उद्देश ‘वैद्यकांची संघटना’ असा होता. तो बदलायला तीन वर्षं लागली. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे: उद्देश बदलायचा तर प्रस्ताव सभासदांकडे दहा दिवस आधी लेखी पोचला पाहिजे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं पाहिजेत, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथे पुन्हा तीन पंचमांश. पहिल्या वर्षी आम्ही दुसरी सभा बारा दिवसांतच घेतली आणि सगळं फुकट गेलं. वकिलाने विचारलं, कायदा वाचला होता का? मी वाचला नव्हता. पातळसं पुस्तक आहे, दोन तासांत होतं. पदाधिकारी व्हायचं असेल तर वाचाच. वार्षिक सभा झाली की चौदा दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे गेली पाहिजे, हेही त्यातच आहे, आणि ती न गेल्यामुळे बँकेत सह्या बदलत नाहीत आणि संघटनेचा पैसा वर्षभर अडकून राहतो, हे मी एका शाखेत पाहिलं आहे.

पैशाबद्दल मी थोडं जास्तच बोलते, कारण तिथे नवी माणसं घाबरतात किंवा घसरतात. माझा सल्ला आहे, अध्यक्षपदाकडे बघण्याआधी एक मुदत कोषाध्यक्ष व्हा. पावतीपुस्तक, लेखापरीक्षण, आयकराची नोंदणी, परिषदेतून उरलेली शिल्लक कुठल्या खात्यात गेली, हे हाताने केल्याशिवाय संघटना कळत नाही. एका राष्ट्रीय परिषदेची जबाबदारी एका शाखेकडे होती आणि मी केंद्राकडून देखरेखीला होते. तीन आठवडे उरले असताना यजमानांनी कळवलं, एका बेबीफूड कंपनीने जेवणाचा पूर्ण खर्च उचलायचं कबूल केलं आहे. बाळाच्या दुधाच्या पर्यायांबाबतचा कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. अशा कंपन्यांनी आरोग्यसेवकांच्या संघटनांच्या परिषदांना पैसे देणं त्याने बेकायदा केलं आहे. यजमान डॉक्टर चांगले होते, त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. मी नाही म्हटलं. रात्रभर फोन चालले, काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी परिषदेत वरण-भात, भाजी आणि ताक असं जेवण झालं, प्रतिनिधी शुल्क थोडं वाढलं. स्तनपानावरचं सत्र त्याच मंडपात होतं. ते बोलणाऱ्या बाईंना मान वर करून बोलता आलं, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. मतं मागायला फोन करा, घरी जा, पण पॅनेलच्या नादाला लागू नका. पॅनेलमधून निवडून आलेला सचिव दोन वर्षं उपकार फेडत बसतो. हरलात तर दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याला काम मागा. मी पहिल्यांदा सरचिटणीसपदाला हरले होते. मग सदस्यत्व समितीचं काम मागून घेतलं, आणि पुढच्या वेळी मला मत देणाऱ्यांत बरेचसे त्या यादीतले होते ज्यांना कित्येक वर्षांनी संघटनेचं पत्र मिळालं होतं.

घरच्यांना आधी सांगा. गोव्यातून बैठकीला जायचं तर शनिवार-रविवार प्रवासात जातो, खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. माझी मुलगी दहावीला होती त्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी मी कोलकात्यात होते, गणपतीवरची फळापानांची माटोळी घरात बाकीच्यांनी बांधली. ते मला अजून लागतं. पुढच्या वर्षी बैठकांचं वेळापत्रक ठरवताना मी गणेशचतुर्थी, दुर्गापूजा, ओणम, बिहू सगळ्यांच्या तारखा आधी फळ्यावर लिहायला लावल्या.

ह्या मार्चमध्ये माझी मुदत संपली. नव्या सरचिटणीस आसामच्या आहेत, नर्सिंग शिकवतात, घटना बदलल्यानंतर निवडून आलेल्या पहिल्या बिगर-डॉक्टर. त्यांच्याकडे मी ठरावांची वही दिली, बँकेची कागदपत्रं दिली, आणि सभासदांची यादी दिली. यादी जवळजवळ पुरी आहे. काणकोणचे दोन पत्ते तेवढे अजून सापडलेले नाहीत, ते मी पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे.