घरातल्या भिंतीवर जिवंत रोपांचे चित्र कसे उभारावे : सातारा-सांगलीच्या घरांसाठी मार्गदर्शन

घरातल्या भिंतीवर जिवंत रोपांची चौकट लावायचे ठरले की बहुतेक जण आधी रोपवाटिकेत जातात आणि भिंतीकडे सर्वांत शेवटी पाहतात. हा क्रम उलटा असायला हवा. वाळलेले रोप बदलता येते. पण चौकटीमागे ओल साचून गिलाव्याचे पोपडे सुटू लागले, तर दुरुस्तीसाठी सगळेच काम खाली उतरवावे लागते. म्हणून आधी भिंत, मग उजेड, मग पाणी आणि शेवटी रोपे, या क्रमानेच पुढील कृती दिली आहे. ती दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा एका चौकटीसाठी आहे. पहिल्या खेपेस याहून मोठे काम हाती घेऊ नये.

या कलेला जगभर ओळख मिळवून देण्यात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांचा मोठा वाटा आहे. पॅरिसमधल्या के ब्रान्ली संग्रहालयाची त्यांनी उभारलेली हिरवी भिंत प्रसिद्ध आहे. त्यांच्या पद्धतीत मातीच नसते. नमद्यासारख्या कापडाच्या थरांत मुळे वाढतात आणि पंपाने त्यांना पाणी व विरघळलेले खत मिळत राहते. पंप बंद पडला की मुळे लगेच कोरडी पडू लागतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल हे सांगता येत नाही. त्यामुळे घरासाठी जाळीवर अडकवलेल्या छोट्या कुंड्यांची पद्धतच मला अधिक भरवशाची वाटते.

भिंतीची पारख

साताऱ्यातल्या, वाईतल्या जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींवर अशी चौकट टांगू नये. तिथे ती जमिनीवर टेकणाऱ्या लोखंडी स्टँडवर उभी करावी. सांगलीत नदीजवळच्या ज्या घरांत 2005 आणि 2019 च्या महापुराचे पाणी शिरले होते, तिथे तळमजल्याच्या भिंती अधिक काळजीने तपासाव्यात, कारण वरून रंग दिलेला असला तरी आत लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार, असू शकतो. तपासणी सोपी आहे. एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील किंवा रंग काळसर झाला असेल, तर ती भिंत सोडून द्यावी. पलीकडे न्हाणीघर असलेली भिंतही टाळावी. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत छिद्र पाडू नये, कारण आतून वायरिंगचे पाइप बहुधा त्याच रेषांत गेलेले असतात.

उजेड

पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून चार-पाच फुटांच्या आतली बाजूची भिंत सर्वांत चांगली. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत मोह पाडते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत सांगली, तासगाव, जत या पट्ट्यात दुपारचे ऊन इतके कडक असते की सावलीतल्या रोपांची पाने एका आठवड्यात करपतात. उजेड पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी दुपारी बाराच्या सुमारास भिंतीवर पांढरा कागद लावून त्यापासून एक फुटावर हात धरावा. सावलीच्या कडा पुसट असल्या तरी बोटे वेगळी ओळखू येत असतील, तर काम भागते. नुसताच धूसर डाग दिसत असेल, तर चौकटीच्या वर दीड फुटावर 15 ते 20 वॅटचा पांढरा एलईडी दिवा लावून तो रोज दहा-बारा तास चालू ठेवावा लागेल.

चौकट

फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाइपची चौकट करून तिच्यावर दोन इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी वेल्ड करून घ्यावी. रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात आणि त्यावर ऑइल पेंट दिल्याशिवाय ती घरात आणू नये. वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज सर्वांत आधी धरतो, म्हणून तिथे ब्रश दोनदा फिरवावा. मागच्या बाजूला पीव्हीसी शीट बसवावी. प्लायवूड नको, कारण ते ओलीने फुगते. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये किमान एक इंच मोकळी जागा राहील अशा बेताने मागे टेकू लावून घ्यावेत. ही हवा खेळती राहणे हेच भिंतीचे खरे संरक्षण आहे. चित्रासारखा देखावा हवा असेल, तर सुताराकडून सागवानी पट्टीची कड बसवून घ्यावी.

खालच्या कडेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ लावावी. तिला एका बाजूला किंचित उतार द्यावा आणि त्या टोकाखाली बाटली ठेवावी.

वजनाचा हिशेब आधीच करावा. पाणी दिल्यानंतर चार इंची कुंडी साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. अशा वीस कुंड्या, लोखंड आणि लाकूड मिळून सुमारे 25 किलो होतात. भाजक्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत चार अँकर फास्टनर (छिद्रात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) असे बसवावेत की ते सगळे मिळून याच्या दुप्पट भार सहज पेलतील. ठोकलेल्या खिळ्यांवर हे काम सोपवू नये.

रोपांची निवड

पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत चार कुंड्या अशी मांडणी धरावी. वरच्या ओळी लवकर सुकतात आणि वरून झिरपलेले पाणी खाली येते. म्हणून होया, पेपेरोमिया, स्पायडर प्लांट ही थोडा कोरडेपणा सोसणारी रोपे वर, सिंगोनियम आणि फिलोडेंड्रॉन मध्ये, आणि बोस्टन फर्न व फिटोनिया खाली ठेवावीत. मनीप्लांट वरच्या दोन कोपऱ्यांतच लावावा आणि तो चौकटीच्या कडेने खाली सोडावा. मधोमध लावला तर तो खालच्या सगळ्यांचा उजेड अडवतो. मनीप्लांट, सिंगोनियम आणि फिलोडेंड्रॉन यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, त्यामुळे घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर खाली लोंबणारे शेंडे वेळेवर छाटावेत.

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात खडकांवर उगवलेले नेचे आणि शेवाळ पाहून ते उपटून घरी आणावेसे वाटते. कृपा करून तसे करू नका. त्यांना लागणारी गार, ओली हवा बैठकीच्या खोलीत टिकत नाही, आणि कास पठार तर 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथल्या जांभ्यावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत वाढणारी वनस्पती उपटली की ती जागा सहज भरून येत नाही.

या भिंतीमुळे खोलीतली हवा शुद्ध होते, अशी जाहिरातही केली जाते. त्यामागे ‘नासा’चा 1989 चा अभ्यास आहे, मात्र ते प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. राहत्या घरात उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर जमिनीच्या एका चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो रोपे लागतील, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसून आले. भिंत उभारावी ती डोळ्यांना मिळणाऱ्या सुखासाठी आणि रोज रोपांत हात घालण्याच्या आनंदासाठी.

भरणी आणि लावणी

शेतातली काळी माती या कुंड्यांत मुळीच वापरू नये. ती ओली असताना चिकट होते, सुकली की आकसून कुंडीची कड सोडते, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून तसेच खाली जाते. त्याऐवजी पाच भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग पर्लाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि दोन भाग गांडूळखत एकत्र करावे. पर्लाइट मिळाले नाही, तर भाजून काळे केलेले भाताचे तूस चालते. वीस कुंड्यांना कोकोपीटची 650 ग्रॅमची एक वीट पुरते. ती भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदलून धुवावी, म्हणजे तिच्यातले क्षार निघून जातात.

रोपवाटिकेतल्या पिशवीत बहुधा लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या कुंडीत ठेवला, तर आतला गोळा आणि बाहेरचे हलके मिश्रण वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि मुळे गोळ्यातच कोंडून राहतात. म्हणून गोळा बादलीतल्या पाण्यात वीस मिनिटे बुडवावा, बोटांनी अलगद दाबून निम्मी माती पाण्यात सुटू द्यावी, गोल फिरलेली मुळे सोडवावीत आणि मगच रोप लावावे. लावलेल्या कुंड्या लगेच टांगू नयेत. दोन-तीन आठवडे त्याच खोलीत जमिनीवर मांडून ठेवाव्यात. रोपे जागेला सरावतात आणि रंगांची मांडणीही बदलून पाहता येते. या सगळ्याला जून-जुलै हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत सुरुवात करू नये.

पाणी आणि देखभाल

तासगाव-मिरज भागात ठिबकचे सामान कोणत्याही कृषी दुकानात मिळते, त्यामुळे ड्रिपर बसवण्याची कल्पना लगेच सुचते. परंतु वर ठेवलेल्या बादलीच्या अल्प दाबावर सगळे ड्रिपर सारखे पाणी देत नाहीत, आणि वीस कुंड्यांना हाताने पाणी द्यायला दहा मिनिटे पुरतात. बोट एक इंच आत खुपसून कोरडे लागले तरच प्रत्येक कुंडीला 100 मिलिलिटरच्या आसपास पाणी द्यावे. उन्हाळ्यात हे दोन दिवसांआड होईल; साताऱ्याच्या पावसाळ्यात आठवडाही जाईल. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते. शक्य तितके पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र देऊ नये, कारण त्यात क्षार अधिकच असतात.

पन्हळीखालची बाटली आणि पन्हळ आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पुसावी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून घरातल्या कोरड्या दिवसाच्या यादीत हिचाही समावेश करावा. महिन्यातून दोनदा 19:19:19 (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत एका लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पुरे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, किंवा कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी आढळला, तर ती कुंडी लगेच काढून वेगळी ठेवावी, पाने धुवावीत आणि एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. अशा वेळी जागा रिकामी दिसू नये म्हणून चार-पाच राखीव कुंड्या गॅलरीत तयार ठेवाव्यात. मनीप्लांटची पेर असलेली फांदी पाण्यात ठेवली की दोन-तीन आठवड्यांत मुळे धरते, त्यामुळे यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. दीड-दोन वर्षांनी मिश्रण दबून घट्ट होते; तेव्हा एकेक ओळ उतरवून ते बदलावे आणि त्याच वेळी मागची भिंत हाताने चाचपून कोरडी असल्याची खात्री करावी.