फोटो हललेला येतोय? आधी लेन्सवरचा आकडा बघा

घरात किंवा संध्याकाळी काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मस्त दिसतो आणि मोठा करून बघितला की हललेला, यात बऱ्याचदा चूक फोकसची नसतेच, शटर स्पीड (फोटो टिपताना कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं ते) कमी पडलेला असतो.

१. लेन्स किती मिमीवर आहे ते बघा. ५० मिमी असेल तर शटर स्पीड निदान १/५० सेकंद, झूम करून २०० वर गेलात तर १/२००. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप थोडी लहान, असेल (सुरुवातीला घेतलेले बरेच कॅमेरे तसलेच असतात) तर आकडा दीडपट धरा, म्हणजे ५० ला १/८० च्या आसपास.

२. मोड डायल एस वर न्या, काही कॅमेऱ्यांवर त्यालाच टीव्ही लिहिलेलं असतं, आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर टाका. आता स्पीड तुम्ही ठरवायचा, उजेडाचं बाकीचं कॅमेरा बघून घेतो. थोडे दाणे आले तर येऊ देत, दाणेदार फोटो चालतो, हललेला सुधारणं अवघड.

३. पळणारी पोरं, कुत्रं वगैरे असेल तर वरचा हिशोब विसरा, सरळ १/५०० लावा, कमी वाटलं तर १/१०००.

आणि हो, स्क्रीनवर नुसतं ६० दिसलं तर ते १/६० असतं, पण आकड्यानंतर वर दोन छोट्या रेघा असतील तर ते चक्क सेकंद! मी यात कितीतरी फोटो घालवलेत.

एक लक्षात ठेवा, स्टॅबिलायझेशन (लेन्स किंवा कॅमेऱ्यातली हलणं सावरणारी सोय) फक्त आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचा माणूस हलला तर त्याचा काही उपयोग नाही.