मोटर फिरते पण पाणी उचलत नाही : विहिरीवरच्या पंपाचा आणि निर्वाताचा हिशेब

मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली गेले की वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागांतून एकच तक्रार ऐकू येते. मोटर फिरते, पण पाणी उचलत नाही. अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा जास्त एचपीची मोटर आणण्याचाच विचार येतो. एका उन्हाळ्यात मीही पाचची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात असलेली) काढून त्याच जागी साडेसातची बसवली होती, आणि तिने जुन्या मोटरपेक्षाही लवकर पाणी उचलणे सोडले. मोटरमध्ये काहीही दोष नव्हता. चूक माझ्या समजुतीत होती.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः निर्वाताला काहीही ओढता येत नाही. पंपाचा पंखा फिरताना आतले पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे पंख्याच्या तोंडाशी दाब कमी होतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली बाहेरची हवा ते पाणी सक्शन पाइपातून वर ढकलते. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे इटलीच्या तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४४ च्या पत्रात लिहिले होते. त्या समुद्राचे वजन पाऱ्याचा सुमारे ७६० मिलिमीटर उंच स्तंभ तोलून धरते. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड असल्यामुळे तेच वजन पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ तोलते. पंपाच्या तोंडाशी पूर्ण निर्वात साधला तरी हवा पाण्याला याहून वर ढकलू शकत नाही, मग मोटर पाचची असो वा पन्नासची.

प्रत्यक्षात ही मर्यादा बरीच खाली येते. नागपूरसारख्या सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हवेचा दाब थोडा कमी असल्यामुळे फूटभराहून थोडी जास्त उंची तिथेच जाते आणि हाती सुमारे १० मीटर उरतात. विहिरीचे पाणी ३० अंशांचे असेल तर त्याच्या वाफेचा दाब आणखी सुमारे ४५ सेंटिमीटर खातो. फूटव्हॉल्व्हची (सक्शन पाइपाच्या तळाशी बसवलेल्या, पाणी परत न जाऊ देणाऱ्या झडपेची) जाळी, बेंड आणि पाइपाची घासण मिळून मीटरभर जाते, आणि पंख्याच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून शेतीच्या साध्या पंपाला सुमारे अडीच मीटरचा दाब शिल्लक लागतो. म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंत सहा मीटर, ढोबळमानाने २० फूट, एवढेच अंतर भरवशाचे राहते. मोठी मोटर जास्त पाणी फेकते, त्यामुळे पाइपातला वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की घासण जवळपास चौपट होते, आणि माझ्या साडेसातच्या मोटरचे नेमके तेच झाले.

वाफेची गोष्ट पटत नसेल तर औषधाच्या दुकानातून सुईविना दहा मिलिलिटरची सिरिंज आणावी, तिच्यात हाताला चांगले चटका देईल असे गरम पाणी तीन-चार मिलिलिटर घ्यावे, आतली हवा काढून टाकावी, तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या जोरात मागे खेचावा. चुलीवर न ठेवताच पाणी उकळू लागते. काही बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, बाकीचे वाफेचे. दट्ट्या सोडला की वाफेचे बुडबुडे क्षणात मिटतात. पंपात हेच बुडबुडे पंख्यावर जाऊन फुटतात, तेव्हा आतून गिट्टी फिरल्यासारखा आवाज येतो, आणि काही महिन्यांनी पंखा उघडून पाहिल्यास त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी अंतर मोजावे. दोरीला दगड बांधून ती पंपाच्या मध्याच्या उंचीवरून पाण्यापर्यंत सोडावी आणि ओल्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. हे माप पंप तासभर चालल्यानंतर पुन्हा घ्यावे, कारण उन्हाळ्यात उपशामुळे पातळी भराभर उतरते आणि सकाळचे १५ फूट दुपारी २३ होतात.

अंतर वीस फुटांच्या आत असूनही पाणी येत नसेल, तर बहुधा कुठून तरी हवा शिरते आहे. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी असल्यामुळे हवेत फिरणाऱ्या पंख्याला पुरेसा निर्वात करता येत नाही. पंप आधी पाण्याने भरून घ्यावा लागतो तो यासाठीच. ज्याला अनेक जण ‘फुटबॉल’ म्हणतात त्या फूटव्हॉल्व्हचे वायसर खराब असेल, तर भरलेले पाणी हळूहळू विहिरीत उतरते, रात्री लाइट आल्यावर ऑटो स्टार्टर मोटर सुरू करतो आणि ती पहाटेपर्यंत कोरडी फिरते. स्टार्टर बंद करून आणि फ्यूज काढून पंप काठोकाठ भरावा व अर्धा तास पाहावे. पाणी उतरले तर फूटव्हॉल्व्ह तपासावा. बाहेर जोडातून थेंब पडत असतील तर दोष तिथे आहे. चालू पंपाच्या सक्शनवरची गळती मात्र बाहेर थेंब टाकत नाही, ती हवा आत घेते. त्यासाठी वारा नसताना पेटती अगरबत्ती प्रत्येक जोडाजवळ आणि शाफ्टभोवतीची फट बंद करणाऱ्या ग्लँडपाशी धरावी. धूर जिथे आत वळतो, तिथेच भेग असते. हे करताना लोंबता पदर किंवा गमछा फिरत्या शाफ्टपासून दूर ठेवावा.

सक्शनवर व्हॅक्यूम गेज, म्हणजे निर्वात मोजणारा काटा, बसवला तर अर्धे निदान वर उभ्यानेच होते. पाऱ्याचे ७५ मिलिमीटर म्हणजे जवळपास एक मीटर पाणी, असा हिशेब धरावा. पाणी साडेचार मीटर खाली असेल तर काटा ३३० च्या थोडा पुढे, साधारण ४०० वर असावा. वरचे ७० घासणीचे. काटा ५५० वर गेला असेल तर जाळीत शेवाळ किंवा पालापाचोळा अडकला आहे, आणि तो दीड-दोनशेवर थरथरत असेल तर हवा शिरते आहे.

पाइप टाकताना तो पंपाकडे सतत चढता ठेवावा, कारण मध्ये उंचवटा आला की तिथे हवा साचते. डिलिव्हरी (पाणी बाहेर नेणारा पाइप) अडीच इंची असेल तर सक्शन तीन इंची घ्यावा, बेंड कमीत कमी ठेवावेत, आणि फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर, पण भोवरा होऊन हवा शिरणार नाही इतका खोल बुडालेला असावा.

अंतरच वीस फुटांपेक्षा जास्त असेल, तर पंप खाली नेण्यावाचून इलाज नाही. विहिरीत लोखंडी चॅनेलचा पाट बसवून मोनोब्लॉक त्यावर उतरवता येते, किंवा पाण्यात बुडणारा सबमर्सिबल लावता येतो. तो पाणी खालून ढकलतो, म्हणून त्याला या मर्यादेची अडचण येत नाही. मोटर चेनपुलीनेच उतरवावी, आणि विहिरीत एकट्याने उतरू नये. कठड्यापासून खाली दर पाच फुटांवर रंगाचा पट्टा मारून ठेवावा. पावसाळ्यात पाणी पाटाच्या खालच्या पट्ट्याला लागले की मोटर त्याच दिवशी वर घ्यावी, नाहीतर एका रात्रीच्या पावसात ती बुडते.