शिकागोतली भाजीबाग: या चुका टाळा

भेंडीचे बी उगवले नाही की आधी बियाण्याच्या पाकिटाला नावे ठेवली जातात. शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत बहुतेक वेळा दोष बियाण्याचा नसतो, मातीच्या तापमानाचा असतो. एप्रिलमध्ये एखाद्या दुपारी पारा ७५ अंश फॅरनहाइटवर जातो, दुकानांच्या दारात टोमॅटोची रोपे मांडलेली दिसतात आणि हात शिवशिवतात. वर हवा उबदार असली तरी चार इंच खाली माती अजून ४५ ते ५० अंशांवर असते. भेंडीचे बी त्यात फुगते आणि कुजते.

दहा-पंधरा डॉलरचा माती-थर्मामीटर घ्या. तो चार इंच खोल खुपसून सकाळी आठ-नऊच्या सुमारास, लागोपाठ तीन-चार दिवस आकडा बघा. दुपारचा आकडा फसवतो. पालक आणि मटार ४५ अंशांवर (७ सेल्सियस) पेरता येतात. टोमॅटोच्या रोपांना ६० अंश (१६ सेल्सियस) लागतात. भेंडी, दुधी, दोडका, कारले यांना ६५ ते ७० अंश (१८ ते २१ सेल्सियस) मिळाल्याशिवाय हात लावू नका. ही वेळ बहुतेक वर्षी मेच्या अखेरीस येते, कधी जून उजाडतो. तोवर घरात लहान कुंड्यांत बी टाकून ठेवायचे, पण तीन-चार आठवड्यांपेक्षा आधी नको. वेलवर्गीय रोपांची मुळे हलवलेली त्यांना सोसत नाहीत. घरातली रोपे थेट बाहेर लावली तर पाने उन्हाने पांढरी पडतात. सात ते दहा दिवस, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे वाढवत बाहेर ठेवा.

इथे दुसरी गल्लत होते ती ‘झोन’ची, म्हणजे कुठले झाड कुठे हिवाळा काढेल यासाठी आखलेल्या थंडीच्या पट्ट्यांची. अमेरिकी कृषी विभागाच्या २०२३च्या नकाशात हा परिसर मुख्यतः ५बी आणि ६ए या पट्ट्यांत येतो. हा आकडा फक्त हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी सांगतो. शेवटचे फ्रॉस्ट, म्हणजे कोवळी रोपे मारणारे गोठलेले दव, कधी, हे त्यातून कळत नाही. मिशिगन सरोवराकाठी ते साधारण एप्रिलअखेर संपते, पश्चिमेच्या उपनगरांत मेच्या मध्यापर्यंत धास्ती असते. सरोवर वसंतात गारठलेले असल्यामुळे वारा पूर्वेचा झाला की काठावरची दुपार अचानक थंड होते. शरदात तेच पाणी उबदार राहते आणि काठावरच्या बागांना काही आठवडे जास्त मिळतात. शिवाय झोन ही सरासरी आहे. ३० जानेवारी २०१९ला इथे पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत घसरला होता आणि २० जानेवारी १९८५चा विक्रम उणे २७चा आहे. झोनच्या काठावरचे महागडे झाड घेताना हे लक्षात असू द्या.

आळे करू नका, उंचवटा करा

अक्षय्य तृतीयेला आळी, म्हणजे पाणी धरणारे खोलगट खळगे, करून वेलाचे बी लावायची आपल्याकडची रीत कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीसाठी उत्तम आहे. इथे मात्र हिमनद्यांनी मागे ठेवलेली चिकणमाती आहे, आणि नव्या वसाहतींत तर वरची चांगली माती बांधकामाच्या वेळीच खरवडलेली असते. मे-जूनच्या पावसात आळ्याचे डबके होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. त्याऐवजी आठ-दहा इंच उंच, दोन फूट रुंद उंचवटा किंवा गादीवाफा करा.

निचरा तपासायला एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंचापेक्षा कमी उतरत असेल तर तिथे थेट लावण्यात अर्थ नाही. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय, फावडे लावू नका: मूठभर माती दाबा, बोटाने टोचा. गोळा भुगभुगीत फुटला तर ठीक, नुसता खड्डा पडला तर थांबा. ओल्या चिकणमातीत एकदा खणले की ढेकळे हंगामभर विटांसारखी राहतात. वाळू मिसळण्याचा सल्ला ऐकू नका, थोड्या वाळूने माती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते. दर शरदात दोन-तीन इंच कंपोस्ट वरच्या सहा-आठ इंचांत मिसळणे हाच उपाय. चुना आणि चुलीतली राख मात्र नको, इथली माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते. शहरात जुन्या घराशेजारी वाफा करायचा असेल तर आधी मातीतल्या शिशाची तपासणी करून घ्या. १९७८पूर्वीच्या रंगांत शिसे सर्रास असे.

वेल माजला, शेंग नाही

वाल पापडीचा वेल जुलैत कुंपण ओलांडतो, ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या गॅरेजवर चढतो आणि फूल एकही नाही. मग खत वाढवले जाते, आणि नत्र जास्त झाल्याने पाने आणखी माजतात. खरे कारण दिवसाची लांबी आहे. वालाच्या पारंपरिक जाती रात्र पुरेशी मोठी झाल्यावरच फुलतात. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, शिकागोत जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा. इथे फुलायला सप्टेंबर उजाडतो आणि ऑक्टोबरचे फ्रॉस्ट शेंगा भरायच्या आत वेल काळा करते. भारतातून बी आणण्याऐवजी दिवसाच्या लांबीला न जुमानणारी बुटकी, झुडपी जात शोधा. अंबाडीचेही तेच, पण तिची पानेच हवी असल्याने बिघडत नाही.

कोथिंबीर आणि मेथीची तक्रार उलटी. मोठे दिवस आणि उष्णता मिळाली की कोथिंबीर भाजीला येण्याआधी फुलावर जाते. ती एप्रिलच्या मध्यावर आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा. मधल्या दोन महिन्यांत तिचा नाद सोडलेला बरा.

दुधी धरतो आणि गळतो

बोटाएवढा होऊन पिवळा पडणारा दुधी बहुधा परागीकरणाविना राहिलेला असतो. सुरुवातीला आठ-दहा दिवस फक्त नर फुले येतात, तेव्हा घाबरू नका. लांब देठाचे ते नर, पाकळ्यांखाली इवलासा दुधी असेल ती मादी. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. सूर्यास्ताच्या सुमारास ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि परागकोश मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नराने दोन-तीन माद्या होतात. दोडकाही संध्याकाळचा, तर कारले आणि लाल भोपळा सकाळचे. फुले असताना कीटकनाशक फवारू नका.

टोमॅटोचे बूड काळे पडले की अंड्याची टरफले आणि दूध ओतले जाते. या मातीत कॅल्शियम सहसा भरपूर असते, ते फळापर्यंत पोचवणारे पाणी अनियमित असते. आठवड्याला पावसासकट एक इंच पाणी, दोन वेळा विभागून, मुळाशी. जूनच्या मध्यावर माती तापली की दोन इंच पेंढ्याचे आच्छादन. आधी घातले तर माती थंडच राहते. काळ्या अक्रोडाच्या झाडाजवळ टोमॅटो अकारण सुकत असेल तर कारण अक्रोड असू शकतो, जागा बदला. पाने खाणाऱ्या जपानी भुंग्यांचे सापळे दुरून भुंगे बोलावतात. त्यापेक्षा सकाळी ते सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटका.

कढीपत्ता

रात्री ५० अंशांच्या (१० सेल्सियस) खाली जाऊ लागल्या, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात, कुंडी आत घ्या. आधी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, नाहीतर लाल कोळी आणि खवले कीड घरात येते आणि हीटरच्या कोरड्या हवेत फोफावते. हिवाळ्यात पाने गळणे म्हणजे बहुधा विश्रांती. झाड मेले समजून पाणी वाढवले की मुळे कुजतात आणि मग ते खरेच मरते. फांदी नखाने खरवडा, आत हिरवे दिसले तर जिवंत आहे. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या, खत मार्चपर्यंत नाही. ताक घालायचे असेल तर उन्हाळ्यात बाहेर. बंद घरात त्याला वास येतो आणि कुंडीवर चिलटे घोंगावतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडते आहे, चिलेटेड लोह (झाडाला शोषता येईल अशा रूपातले) द्या. फ्लोरिडा, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांकडून रोप आणू नका. संत्रावर्गाच्या झाडांवर रोग पसरवणारी सिल्ला कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून तिथून रोपे हलवण्यावर निर्बंध आहेत.

लसूण वसंतात लावणे

वसंतात लावलेल्या लसणाचा कांदा बारीक राहतो, कारण वेगळ्या पाकळ्या तयार व्हायला त्याला थंडी लागते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कडक दांड्याच्या जातीच्या पाकळ्या टोक वर करून दोन इंच खोल, सहा इंच अंतरावर लावा. जमीन गोठू लागली की वर चार-सहा इंच पेंढा. जूनमध्ये वळलेला फुलदांडा कापा, तो परतून भाजीत चांगला लागतो. जुलैत खालची तीन-चार पाने वाळली की काढा. सगळी वाळेपर्यंत थांबलात तर कांदा मातीतच फुटतो आणि टिकत नाही.