गंजलेली टाकी धुवायला काढण्याआधी

होडीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड मशीनची पेट्रोलची लोखंडी टाकी साफ करायची म्हटलं की जो तो आधी विचारतो, आत ओतायचं काय? कुणी व्हिनेगर सांगतो, कुणी लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड, कुणी संडास धुवायचं ॲसिड, एखादा कोल्ड्रिंकसुद्धा. खरं तर गंज उतरवणं हा या कामातला सोपा भाग आहे. गंज उतरलेलं उघडं लोखंड किनाऱ्यावरच्या दमट हवेत बघता बघता पुन्हा तांबूस पडतं, आणि दिवसभराची मेहनत तिथेच वाया जाते. त्यामुळे सामानाची जुळवाजुळव उलट्या टोकाकडून करावी. आधी टाकी वाळवायची आणि तेल फिरवायची सोय बघायची, मग धुण्याची, आणि गंज काढायचं द्रावण सगळ्यात शेवटी आणायचं.

वाळवायची सोय म्हणजे पहिल्यांदा ऊन. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मशिनी होडीवरून उतरलेल्या असतात, आणि मोकळा वेळ मिळाला म्हणून बरेच जण हे काम नेमकं जुलैत काढतात. त्या हवेत कपडे वाळत नाहीत, तर बंद टाकीचा आतला भाग काय वाळणार? एप्रिल-मे धरावा, नाहीतर ऑक्टोबरचं ऊन. सकाळी अकराच्या आत शेवटचं पाणी बाहेर पडेल अशा बेताने आदल्या दिवशी काम सुरू करायचं, म्हणजे पुढचे चार-पाच तास ऊन हक्काचं मिळतं. आदल्या दिवशीच मळभ दिसलं तर टाकीत द्रावण भरूच नये.

उन्हाच्या जोडीला वारा लागतो. टाकीचं तोंड लहान, त्यामुळे नुसतं उन्हात ठेवून आतली वाफ कोंडून राहते. केस वाळवायचा ड्रायर किंवा उलट्या बाजूने हवा फेकणारा व्हॅक्यूम क्लीनर, आणि ती हवा टाकीच्या तळापर्यंत नेणारा एक जाड पाइप, एवढं हाताशी असावं. ड्रायर नसेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलची बाटली आणावी. ते आत फिरवून ओतून टाकलं की राहिलेलं पाणी सोबत घेऊन जातं. मात्र या दोन्हींपैकी एकच काहीतरी. अल्कोहोल फिरवलेल्या टाकीत ड्रायरची तापलेली हवा सोडणं म्हणजे स्वतःहून आग लावणं. टाकी वाळल्यावर लगेच आत फिरवायला टू-स्ट्रोकचं तेल, साधारण पाव लिटर, आणि थोडं ताजं पेट्रोल. हे पेट्रोल ड्रायर चालतो त्या अंगणात आणूच नये. ड्रायर बंद करून उचलून ठेवला की मगच पडवीतून बाहेर काढायचं.

आता टाकीकडे वळू. ती कशाची आहे हे आधी लोहचुंबकाने बघायचं. जुन्या ब्रिटिश सीगल या इंग्रजी बनावटीच्या आउटबोर्डच्या डोक्यावर पितळी टाकी असते, तिला चुंबक चिकटत नाही आणि तिला आतून गंजही चढत नाही. तिच्यात जे दिसतं ते बहुतेक सुकलेल्या पेट्रोल-तेलाचं राळेसारखं किटण असतं, त्याला आम्ल उपयोगाचं नाही. आपल्याकडे जास्त करून भेटते ती होडीत वेगळी ठेवायची २४ लिटरची पत्र्याची टाकी. वरचा आणि खालचा असे दाबून केलेले दोन भाग कमरेवर जोडलेले. आतून जस्त चढवलेला पत्रा असेल तर आम्ल गंजासोबत ते जस्तही खाऊन टाकतं, हे आधीच लक्षात घ्यायचं.

मग तळ तपासायचा. गंज लागतो दोन ठिकाणी, आणि दोन्हींचं कारण वेगळं. तळाला लागतो तो खाली साचलेल्या पाण्यामुळे. वरच्या छताला लागतो तो अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री हवेतलं बाष्प थंड पत्र्यावर जमल्यामुळे. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर आणखी भर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते प्रमाणाबाहेर झालं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाला बसतो. पेट्रोल ओढून घेणारी नळी नेमकी तिथेच असते. टाकी उलटी करून बाहेरून तळाच्या कडांवर आणि जोडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. बद्द आवाज आला तिथे टोकाने दाबून बघायचं. दाबताना पत्रा आत जात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, टाकी भंगारात द्यावी आणि प्लास्टिकची घ्यावी. इथे माझं मत स्पष्ट आहे. वेगळी ठेवायची टाकी असेल तर भोकं बुजवत बसण्यात अर्थ नाही. जिची टाकी मशीनच्या डोक्यावर, टोपाच्या आत बसवलेली असते आणि दुसरी मिळत नाही, अशा छोट्या दोन-तीन एचपीच्या मशीनसाठी आतून एपॉक्सीचं अस्तर लावायचा खटाटोप करावा. तेही पेट्रोलच्या टाकीसाठी बनवलेलंच आणि इथेनॉल चालतं असं डब्यावर लिहिलेलंच. गळणाऱ्या जागी अंगाचा साबण चोळायचा जुना उपाय खाडीतून धक्क्यापर्यंत येण्यापुरता ठीक आहे.

आता भीतीची बाजू, आणि ती खरी आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते, आणि ओतून रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढं प्रमाण सहज जमतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोचते. म्हणून जागा निवडताना बंब, चूल, गॅस शेगडी, देवघरातलं निरांजन, सगळं ध्यानात घ्यायचं. घरालगतच्या पडवीपेक्षा वाऱ्याच्या खालच्या बाजूचं मोकळं अंगण बरं. आत बघायला एलईडी टॉर्च चालेल, मेणबत्ती किंवा काडी कधीच नाही. वेल्डिंगवाल्याकडे तर ‘धुतली आहे’ म्हणूनसुद्धा नेऊ नये. जुनं पेट्रोल ओतायला झाकणाचा धातूचा किंवा इंधनासाठीचा डबा, गाळायला कापड आणि फनेल ठेवावं. ते पेट्रोल खाडीत ओतायचं नाही, गटारात नाही आणि नारळाच्या मुळाशी तर नाहीच. जिथे जुनं ऑइल जमा करून घेतात अशा गॅरेजवाल्याला आधी विचारून ठेवायचं.

पेट्रोल निघालं तरी वास राहतोच, आणि गंजावर तेलाचा थर राहतो. तेलकट गंजाला आम्ल लागतच नाही. भांड्याचा लिक्विड साबण घातलेलं गरम पाणी दोन-तीनदा भरून, हलवून ओतायचं. पाणी तापवायचं ते टाकीपासून लांब, आणि बादलीने आणायचं. टाकी नाकाशी धरून पेट्रोलचा वास येत नाही असं झालं की पुढची पायरी.

याच टप्प्यावर टाकी मोकळी करायची. झाकण, पेट्रोल दाखवणारा तरंगता काटा, ओढनळी आणि तिच्या टोकाची बारीक जाळी, सगळं उतरवून एका ताटात क्रमाने मांडून फोटो काढून ठेवायचा. हे भाग आम्लात जाता कामा नयेत. काट्याखालचं गॅस्केट काढताना हमखास तुटतं, नवीन आधीच आणलेलं बरं. उघडी पडलेली भोकं बुजवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वरून पत्र्याची पट्टी, मूळच्याच स्क्रूने कसलेली. झाकणावरचा हवा यायचा स्क्रू पुन्हा पुन्हा उघडून बघावा. पुष्कळदा मशीन थोडं चालून बंद पडतं आणि दोष टाकीतल्या गंजावर जातो, पण खरं कारण तो मिठाने बंद झालेला स्क्रू असतो.

सुटा गंज खरवडायला बरेच जण आत नट-बोल्ट टाकून टाकी हलवतात. चालतं, पण प्रत्येक नट मोजून टाकावा लागतो, आणि एखादा टाकीच्या आतल्या पट्टीमागे अडकला की संध्याकाळ गेली. त्यापेक्षा हातभर बारीक साखळी घ्यावी, तिच्या एका टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवावी. साखळी कोपऱ्यातही पोचते आणि ओढली की पूर्ण बाहेर येते. थोडं पाणी आत घालून हलवलं की धूळ उडत नाही. पहिलं पाणी चहाच्या गाळासारखं तपकिरी निघतं, पाचव्या-सहाव्या वेळी पापुद्रे यायचे थांबतात. यावर दमेपर्यंत वेळ घालवावा, कारण इथे निघालेला प्रत्येक पापुद्रा द्रावणाचं काम कमी करतो.

आणि आता ते द्रावण. माझी पसंती लिंबूफुलाला. किराणा दुकानातल्या छोट्या पुड्यांनी भागणार नाही. लिटरला साधारण ५० ग्रॅम धरलं तर २४ लिटरला सव्वा किलो लागतं, ते केमिकलच्या दुकानातून सुटं आणावं. टाकी काठोकाठ भरायची, कारण छताचा गंज अर्ध्या भरलेल्या टाकीत तसाच राहतो. पाणी हाताला चटका बसेल इतपत गरम असेल तर काम रात्रीत होतं, गार पाण्यात पूर्ण दिवस लागतो. सुरुवातीला तोंडापाशी बारीक बुडबुडे येताना दिसतात. ते हायड्रोजनचे, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही आणि जवळ विडी ओढायची नाही. द्रावण हळूहळू पिवळसर-हिरवं होतं. एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, गंज संपला की आम्ल चांगल्या पत्र्याला लागतं. आत काळपट थर दिसला तर घाबरायचं नाही, साखळी पुन्हा फिरवली की तो निघतो. व्हिनेगरनेही होतं, फक्त २४ लिटर व्हिनेगर महाग पडतं आणि वास आठवडाभर जात नाही. संडासचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते झटपट काम करतं, पण पत्रा खातं, डाग दिलेले जोड सोडवतं आणि मागे क्लोराइड ठेवून जातं. समुद्राच्या मिठात असतं तेच क्लोराइड. त्याच्यामुळे गंज दुप्पट जोमाने परत येतो, मग आपण काढलं काय?

वीज लावून गंज काढायची पद्धतही आहे, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून. टाकीला ऋण टोक, आत टाकीला न टेकणारी साध्या लोखंडाची सळी धन टोकाला. स्टेनलेसची सळी अजिबात नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम सुटतं. पण सळीच्या समोर येणारा भागच नीट साफ होतो, कोपरे राहतात. टाकीपेक्षा नांगर-साखळीसाठी ही पद्धत जास्त उपयोगी.

द्रावण ओतल्यावर बादलीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे खायचा सोडा घालून आत फिरवायचं, मग स्वच्छ पाणी, आणि शेवटचं पाणी पुन्हा कडकडीत गरम. पत्रा तापलेला असला की अर्धं पाणी स्वतःच उडून जातं. विहिरीला खारं पाणी लागत असेल तर या शेवटच्या धुण्यासाठी गोडं पाणी आधीच भरून ठेवावं. यानंतर मध्ये जेवायला उठायचं नाही. ओतलं की लगेच वारा सुरू, ऊन, आणि आत बोट घालून कोरडं लागलं की तेल. टाकी सहाही बाजूंनी उलटीपालटी करून तेल सगळीकडे फिरवायचं. अंधारात आत टॉर्च सोडून बाहेरून बघितलं तर सुईएवढं भोकही दिसतं, हे मात्र तेल घालायच्या आधी.

टाकीबरोबर पुढची वाटही बघून ठेवायची. हाताने दाबायचा रबरी फुगा कडक झाला असेल तर नवा, दोन्ही टोकांच्या कनेक्टरचे ओ-रिंग नवे, फिल्टर नवा. कार्ब्युरेटरची वाटी उघडून तळाची लाल भुकटी पुसून काढायची, नाहीतर स्वच्छ टाकी लावूनही जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, पहिल्याच दिवशी बंद. आत फिरवलेलं तेल थोडं राहतंच, त्यामुळे पहिल्या भरणाला मशीन जरा धूर काढेल. तेवढ्यावरून मिश्रणातलं तेल कमी करायचं नाही. मशीनच्या पुस्तकात पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली घालायचंच. टाकी आणि फुग्याच्या मध्ये आरपार दिसणारा फिल्टर बसवला तर काही लाल उतरतंय का ते चालता चालता कळतं. असे दोन फिल्टर जास्तीचे घ्यावेत, एक होडीतल्या डब्यात पाना आणि प्लगशेजारी, दुसरा घरी.